भात सोडावा की आवरावा?

आहारातली कर्बोदके, म्हणजे पिठूळ आणि गोड पदार्थ, कमी केली की वजन उतरते का, हा प्रश्न रायगडच्या किनाऱ्यावर उरणपासून श्रीवर्धनपर्यंत एकाच रूपात विचारला जातो: भात बंद करू का? इथल्या घरांत सकाळी घावणे किंवा तांदळाची भाकरी, दुपारी भात-कालवण आणि रात्री पुन्हा भाकरी व थोडा भात असतो. नारळी पौर्णिमेला नारळीभात आणि गणपतीत उकडीचे मोदक ठरलेले. कर्बोदकांना कात्री लावायची तर ती तांदळालाच लागणार.

या प्रश्नावर दोन ठाम मते आहेत. लेखाच्या सोयीसाठी ती दोन कल्पित पात्रांच्या तोंडी घातली आहेत. पुतण्या पनवेलच्या एका कचेरीत दिवसभर बसून काम करतो. भात-भाकरी सोडून त्याने वजन उतरवले आहे आणि घरातल्या सगळ्यांनी तेच करावे असे त्याला मनापासून वाटते. काकी अलिबाग तालुक्यातल्या गावात राहते, आरोग्यसेविकेच्या नोकरीतून निवृत्त झाली आहे आणि भात सोडण्याला तिचा विरोध आहे. पात्रे कल्पित असली तरी दोघांचे युक्तिवाद खरे आहेत आणि ते नीट तपासण्याजोगे आहेत.

पुतण्याचा पहिला मुद्दा शरीरशास्त्राचा आहे. "काकी, भात पोटात गेला की त्याची साखर होते. रक्तात साखर वाढली की इन्सुलिन वाढतं, आणि इन्सुलिन वाढलेलं असेपर्यंत अंगावरची चरबी वितळत नाही. भातच बंद केला तर इन्सुलिन खाली येतं आणि शरीर चरबी जाळायला लागतं. मी स्वतः पहिल्या आठवड्यात तीन किलो उतरलो."

त्याची पहिली दोन वाक्ये पाठ्यपुस्तकात आहेत तशीच आहेत. भातातला स्टार्च पचून ग्लुकोज होतो, त्याला उत्तर म्हणून स्वादुपिंड इन्सुलिन सोडते, आणि इन्सुलिन चरबीच्या पेशींतून मेद बाहेर पडण्याला आवर घालते. ही कल्पना नवीही नाही. लंडनच्या विल्यम बॅंटिंग या स्थूल गृहस्थाने पाव, साखर, बटाटे आणि बिअर सोडून वजन उतरवले आणि 1863 मध्ये त्यावर एक पुस्तिका छापली. ती इतकी खपली की त्या पद्धतीला त्याचेच नाव पडले. 1972 मध्ये अमेरिकेत डॉ. रॉबर्ट ॲटकिन्स यांच्या पुस्तकाने तीच पद्धत पुन्हा घरोघर नेली. आज किटो नावाने चालतो तो याच वाटेवरचा सर्वांत कडक आहार. त्यात दिवसाची कर्बोदके साधारण 20 ते 50 ग्रॅमवर आणतात. हा आहार मुळात 1920 च्या दशकात अपस्माराच्या रुग्णांसाठी बेतलेला होता.

काकीचे उत्तर पहिल्या आठवड्याच्या तीन किलोंपासून सुरू होते. "अरे, ते तीन किलो चरबीचे नव्हते. त्यातलं बरंचसं पाणी होतं."

तिचे म्हणणे बरोबर आहे, आणि वजनकाट्यावर विश्वास ठेवून बसणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घ्यायला हवे. शरीर ग्लुकोजचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत ठेवते. प्रौढ माणसात हा साठा साधारण 400 ते 500 ग्रॅम असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. कर्बोदके बंद झाली की काही दिवसांत हा साठा बराच उपसला जातो आणि पाणी लघवीवाटे निघून जाते. काटा दीड-दोन किलोंनी खाली येतो. एक किलो चरबी घटवायला मात्र सुमारे 7,700 कॅलरींची तूट पडावी लागते. आठवड्यात तीन किलो चरबी जायची तर रोज 3,300 कॅलरी कमी पडायला हव्यात, आणि कचेरीत बसणाऱ्या माणसाचा दिवसाचा सगळा खर्चही सहसा तेवढा नसतो. म्हणूनच पहिल्या आठवड्यातला आनंद दुसऱ्या महिन्यात टिकत नाही, आणि गणपतीत दोन दिवस मोदक खाल्ले की "दोन किलो वाढलो" अशी जी हाय खाल्ली जाते तीही बरीचशी पाण्याचीच असते.

पण पाण्याचा हिशेब वजा केला तरी पुतण्याचे वजन पुढेही उतरत राहिले. ते का, हे घरातल्या टोपाशी बसून मोजता येते. चार माणसांच्या घरात दुपारी अर्धा किलो तांदूळ वैरला, तर माणशी 125 ग्रॅम पडतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम पांढऱ्या तांदळात सुमारे 356 कॅलरी आणि 78 ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे एका माणसाच्या वाट्याला दुपारच्या भातातून 445 कॅलरी आल्या. शिजून त्याचा सुमारे 350 ग्रॅम भात होतो, भरल्या दोन-सव्वादोन वाट्या. कालवण चांगले झाले असेल तर इतका भात सहज जातो. रात्रीच्या दोन भाकऱ्यांना मिळून 100 ते 120 ग्रॅम पीठ लागते, म्हणजे आणखी साधारण 400 कॅलरी. सकाळचे घावणे धरले तर दिवसाच्या हजारभर कॅलरी एकट्या तांदळातून येतात. पुतण्याने हे सगळे काढून टाकले आणि त्या जागी अंडी, मासे, काकडी-टोमॅटो आले. ते कितीही पोटभर खाल्ले तरी हजार कॅलरी भरून निघत नाहीत. तो हिशेब न ठेवता कमी खाऊ लागला होता.

दोघांमधला खरा मतभेद इथे आहे. पुतण्याच्या मते वजन इन्सुलिन खाली आल्यामुळे उतरले, काकीच्या मते कमी खाल्ल्यामुळे. हा वाद घरात मिटणारा नव्हे, पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्यावर बरेच काटेकोर प्रयोग झाले आहेत.

2003 मध्ये अमेरिकेत 63 स्थूल व्यक्तींवर ॲटकिन्स आहार आणि नेहमीचा कमी स्निग्धांशाचा आहार यांची तुलना झाली. सहा महिन्यांनी ॲटकिन्स गट स्पष्टपणे पुढे होता, वर्षाअखेर तो फरक उरला नाही. 2008 मध्ये इस्राएलमधला दोन वर्षांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यातल्या 322 जणांत कमी स्निग्धांशाच्या गटाचे वजन सरासरी 2.9 किलो उतरले, भूमध्य सागरी पद्धतीच्या आहाराचे 4.4 आणि कमी कर्बोदकांचे 4.7. पुतण्याला हा प्रयोग प्रिय आहे, आणि त्याला कारणही आहे. पहिल्या दोन गटांना कॅलरींची मर्यादा घालून दिली होती, कमी कर्बोदकांच्या गटाला तशी मर्यादा नव्हती. तरी तो मागे पडला नाही. "मोजत बसायला लागत नाही, काकी. माणसाला झेपेल असा आहार तोच." हा मुद्दा हलका नाही.

काकीच्या बाजूला 2009 चा प्रयोग आहे. त्यात 811 जणांना चार गटांत वाटले होते आणि त्यांच्या आहारात कर्बोदकांचा वाटा 35 टक्क्यांपासून 65 टक्क्यांपर्यंत वेगवेगळा ठेवला होता. कॅलरी मात्र सगळ्यांनाच कमी करायला सांगितले होते. दोन वर्षांनी चारही गटांची घट जवळजवळ सारखी निघाली, सरासरी चार किलोंच्या आसपास. त्यानंतरचा स्टॅनफर्ड विद्यापीठाचा प्रयोग 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या 609 प्रौढांपैकी निम्म्यांनी वर्षभर कर्बोदके कमी केली, निम्म्यांनी स्निग्ध पदार्थ. घट झाली सरासरी 6 किलो आणि 5.3 किलो, आणि संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक धरण्याजोगा नव्हता. ज्यांचे शरीर साखरेला जास्त इन्सुलिन सोडते त्यांना कमी कर्बोदकांचा अधिक फायदा होईल ही अपेक्षा होती, तीही खरी ठरली नाही.

या प्रयोगातल्या दोन गोष्टी सरासरीपेक्षा मोलाच्या आहेत. दोन्ही गटांना सारखीच शिकवण होती: भाज्या भरपूर खा, वरून घातलेली साखर आणि मैदा टाळा, शक्य तितके घरी शिजवा. शिवाय प्रत्येक गटात कुणाचे वजन पंचवीस-तीस किलोंनी उतरले, तर कुणाचे चक्क वाढले. तोच आहार एकाला मानवला आणि दुसऱ्याला नाही. पुतण्याचा स्वतःचा अनुभव खरा असूनही तो घरातल्या सगळ्यांना लागू करता येत नाही, तो यामुळे.

इन्सुलिनच्या युक्तिवादाची थेट परीक्षा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांच्या गटाने घेतली. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 20 जणांना चार आठवडे रुग्णालयातच ठेवले. दोन आठवडे त्यांना सुमारे 75 टक्के कॅलरी कर्बोदकांतून देणारा शाकाहारी आहार दिला, दोन आठवडे सुमारे 75 टक्के कॅलरी स्निग्धांशातून देणारा मांसाहारी आहार. दोन्ही वेळी हवे तेवढे खायची मुभा होती. कर्बोदकांच्या आहारात इन्सुलिन अर्थातच जास्त चढले. तरीही त्या दोन आठवड्यांत माणसांनी रोज जवळजवळ 690 कॅलरी कमी खाल्ल्या. इन्सुलिन चढले की भूक खवळते आणि माणूस जास्त खातो, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. पुतण्याने इन्सुलिनचा मुद्दा सोडून द्यावा. त्याच्या बाजूने बोलणारे याहून भक्कम पुरावे आहेत.

"मग भात बंद केल्यापासून मला मधल्या वेळेला भूक का लागत नाही?" हा त्याचा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर बहुधा प्रथिनांत आहे. भात वगळल्यावर त्याच्या ताटात अंडी आणि मासळी दुप्पट झाली. प्रथिनांनी पोट भरल्याची जाणीव लवकर होते आणि जास्त वेळ टिकते. शिवाय घरातून भाकरी गेली तेव्हा तिच्याबरोबर चहातली साखर, संध्याकाळचे फरसाण, बेकरीची खारी आणि बटर हेही गेले. "कार्ब बंद" म्हटले की हे सगळे एका फटक्यात बंद होते. याच हॉल यांच्या गटाने 2019 मध्ये दाखवले होते की कारखान्यात तयार झालेले अतिप्रक्रिया केलेले खाणे समोर असले की माणूस रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खातो, मग त्यात साखर, मीठ, तंतू यांचे प्रमाण घरच्या जेवणाइतकेच का ठेवलेले असेना. वजन उतरवण्याचे श्रेय भात सोडण्याला मिळते, त्यातला मोठा वाटा खारी-बिस्किटे सुटण्याचा असतो.

महाराष्ट्रात हा वाद आणखी एका रूपात गाजला. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत जेवावे आणि मधे काही खाऊ नये अशी पद्धत सांगितली. ऋजुता दिवेकर यांनी भात, तूप आणि आपल्या भागात पिकणारे अन्न निर्धास्तपणे, थोडे थोडे आणि वेळेवर खा असे सांगितले. गावोगावच्या माणसांनी एकेक बाजू धरली. दीक्षित पद्धतीचा सगळा भर वेळेवर आहे. पण दिवसभर चहा-बिस्किटे, मधल्या वेळचे पोहे आणि संध्याकाळचा वडापाव बंद झाला की कर्बोदके आपोआप घटतात. दिवेकरांची पद्धत नीट पाळणाऱ्याचेही तेच बाहेरचे खाणे सुटते. दोन्हीकडे वजन उतरलेली माणसे भेटतात, याचे निदान एक कारण हे असावे.

यानंतर काकीचा सर्वांत आवडता युक्तिवाद येतो. "आपल्या आज्या-पणज्यांनी जन्मभर भातच खाल्ला. कुणाचं पोट सुटलं होतं का?"

हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे, पण काकीच्या सगळ्या मुद्द्यांत तोच सर्वांत कमजोर आहे. पुतण्या त्याला जे उत्तर देतो ते निर्विवाद आहे: "त्या भात खात होत्या तशा भात लावतही होत्या, काकी." आषाढात गुडघाभर चिखलात वाकून दिवसदिवस लावणी, नंतर बेणणी, कापणी, झोडणी, आणि मग उखळात कांडण. पेण-अलिबागच्या खारपट्टीत तर खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालायचे आणि दरसाल डागडुजी करायची, हे काम अंगमेहनतीनेच होत असे. तो तांदूळही वेगळा होता. खाऱ्या जमिनीत तग धरणारे काळा राता, भुरा राता हे लाल दाण्याचे भात हाताने कांडले जात, त्यामुळे कोंड्याचा बराचसा भाग दाण्यावर राहत असे.

आणि तो पोटभर मिळत होता असेही नाही. पिकाचा निम्मा वाटा खोताच्या घरी जात असे. त्याविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी 1933 मध्ये संप पुकारला आणि 1939 पर्यंत जमिनी कसल्या नाहीत. ती वर्षे त्या घरांनी मासेमारी, लाकूडफाटा आणि मिळेल ती मजुरी यांवर काढली. आज्या-पणज्यांचे सडसडीत अंग हा भाताचा गुण मानणे म्हणजे त्यांच्या कष्टाचा आणि उपासमारीचा विसर पडणे होय. आज त्याच पट्ट्यात खत आणि पोलादाचे कारखाने आहेत, शेते विकून बंगले उठले आहेत, कांडण गिरणीत होते, घरटी दुचाकी आहे. ताटातला भात मात्र लावणी करणाऱ्या माणसाच्या मापानेच वाढला जातो.

या मुद्द्याला वैद्यकीय बाजूही आहे, आणि ती महाराष्ट्रातूनच पुढे आली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय बाळे जन्मतः वजनाने हलकी असूनही त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते हे दाखवून दिले. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांनी आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे छापली. दोघांचा शरीरभार निर्देशांक अगदी सारखा, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीदार अशी ही ठेवण असल्यामुळे भारतीयांसाठी निर्देशांक 23 च्या पुढे गेला की जास्त वजन आणि 25 पासून स्थूलता धरतात. कमरेचा घेर पुरुषांत 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. काकी आयुष्यभर वजनकाटा हाताळत आली. तिने आता टेपही हाताशी ठेवावी.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतीयांच्या कॅलरींपैकी सुमारे 62 टक्के कर्बोदकांतून येतात, आणि त्यांतला मोठा भाग पांढरा तांदूळ, दळलेले धान्य आणि साखर यांचा आहे. प्रथिनांचा वाटा अपुरा आहे. याच पाहणीत देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज 2023 मध्ये आला. 2024 च्या राष्ट्रीय आहार मार्गदर्शिकेत धान्यांतून येणाऱ्या कॅलरी 45 टक्क्यांपर्यंत असाव्यात असे म्हटले आहे. कर्बोदके कमी करा हे पुतण्याचे सांगणे किनाऱ्यावरच्या बहुतेक घरांसाठी योग्यच आहे, असा याचा अर्थ. प्रश्न उरतो तो किती कमी करायची, आणि रिकाम्या झालेल्या जागी काय वाढायचे याचा.

किती, याचे एक उत्तर मोठ्या कालावधीच्या अभ्यासात मिळते. 2018 मध्ये 'लॅन्सेट'च्या सार्वजनिक आरोग्याला वाहिलेल्या नियतकालिकात अमेरिकेतल्या पंधरा हजारांवर प्रौढांचा पंचवीस वर्षांचा मागोवा प्रसिद्ध झाला. कर्बोदकांतून 50 ते 55 टक्के कॅलरी घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी आढळले, फार जास्त आणि फार कमी घेणाऱ्यांत ते वाढलेले होते. कर्बोदकांच्या जागी मटण-चिकन वाढवणाऱ्यांत धोका अधिक आणि कडधान्ये, शेंगदाणे यांसारखे वनस्पतिजन्य पदार्थ घेणाऱ्यांत कमी दिसला. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यावरून कार्यकारण पक्के होत नाही. पण तो दाखवत असलेली दिशा काकीच्या बाजूची आहे.

रिकाम्या जागेबद्दल पुतण्याच्या घरातच गैरसमज आहेत. पुतण्याच्या आईने तांदळाची भाकरी सोडून नाचणीची सुरू केली आणि आपण कर्बोदके सोडली असे मानले. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 67 ग्रॅम कर्बोदके आणि 320 कॅलरी असतात, गव्हाच्या पिठातही जवळजवळ तेवढ्याच. नाचणीत चोथा आणि कॅल्शियम जास्त आहे, म्हणून ती चांगलीच आहे, पण दोनाच्या जागी तीन भाकऱ्या खाल्ल्या तर वजनाचा हिशेब तिथेच राहतो. उकड्या तांदळाचेही तसेच. तो साध्या पांढऱ्या तांदळापेक्षा सहसा रक्तातली साखर सावकाश चढवतो, कॅलरी मात्र साधारण तेवढ्याच देतो. पुतण्याची चूक उलट बाजूची आहे. भात नसला की चालते म्हणून तो पर्यटकांसाठीच्या खानावळीत तळलेली सुरमई, रव्यातली कोळंबी आणि खोबऱ्याचे दाट कालवण निर्धास्त खातो. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात 120 कॅलरी असतात, म्हणजे वाटीभर भाताच्या निम्म्याहून जास्त.

या किनाऱ्याला भाताच्या जागी काय आणावे ते बाहेर शोधावे लागत नाही. शंभर ग्रॅम बांगड्यात सुमारे 20 ग्रॅम प्रथिने असतात आणि कर्बोदके जवळजवळ नसतात. मांदेली, बोंबील, तिसऱ्या, जवळा ही मासळी पापलेट-सुरमईपेक्षा स्वस्त आहे आणि कालवणात तळणीइतके तेल मागत नाही. 1 जून ते 31 जुलै ही मासेमारीबंदीची पावसाळी मुदत सुकटीवर निघते. सुकवलेल्या जवळ्याच्या वजनात निम्म्याहून अधिक प्रथिने असतात, फक्त खारवलेली मासळी असेल तर रक्तदाब असणाऱ्यांनी मिठाकडे बघावे. शाकाहारी ताटाला वाल आहेत. मोड काढून सोललेल्या वालांचे बिरडे आठवड्यातून तीन-चारदा झाले आणि भात त्याच्याबरोबर अर्धा घेतला, तर कर्बोदकांचा वाटा खाली येतो आणि चोथा, प्रथिने वर जातात.

यातच काकी एक गोष्ट बोलते, आणि ती या सगळ्या चर्चेत सर्वांत महत्त्वाची आहे. "तू घरी भात सोडलास तेव्हा तुझ्या वाट्याला दोन तुकड्या जास्त आल्या. त्या कुणाच्या ताटातून आल्या?" अनेक घरांत मासळीच्या तुकड्या आधी पुरुषांना आणि मुलांना वाढल्या जातात. बाईच्या ताटात शेवटी रस्सा आणि टोपात उरलेला भात येतो, आणि उरलेले टाकवत नाही म्हणून ती तो संपवते. तिचे वजन वाढते ते या भाताने, अशक्तपणा राहतो तो प्रथिने-लोहाच्या अभावाने. अशा बाईला नुसता "भात सोड" असा सल्ला देणे म्हणजे तिच्या ताटातले होते तेही काढून घेणे. तिच्या बाबतीत आधी तुकडी आणि बिरडे वाढले पाहिजे, भात त्यानंतर कमी केला पाहिजे. पुतण्याने यावर वाद घातला नाही, आणि घालण्याजोगा तो नाहीच.

घरात बदल करायचा तर त्याचा क्रमही यातून ठरतो. पहिल्यांदा साखरेचा चहा, थंड पेये, खारी-बिस्किटे, फरसाण आणि पाव. ही कर्बोदके सोडल्याने कुणाचेही नुकसान होत नाही. त्यानंतर भाताचे माप: टोपात तांदूळ वैरतानाच माणशी 125 ग्रॅमच्या जागी 60-70 ग्रॅम घ्यावेत, कारण शिजलेला भात समोर असताना हात आखडत नाही. भात आणि भाकरी एकाच जेवणात नको. पानात मासळी, बिरडे किंवा डाळ आधी आणि भाजी भरपूर. एवढ्याने दिवसाच्या चार-पाचशे कॅलरी सहज कमी होतात, आणि गणपतीत मोदक खायला किंवा थंडीत पोपटीला बसायला आडकाठी राहत नाही. कडक किटो आहार काही जण निभावतात आणि त्यांचे वजन उतरतेही. पण ज्या घरात सगळे एकाच टोपातले जेवतात तिथे तो वर्षभर चालवणे बहुतेकांना जमत नाही, आणि न जमलेल्या आहाराने उतरलेले वजन परत येते.

म्हणून निवाडा असा: कर्बोदके कमी केल्याने वजन उतरते, कारण त्यामुळे एकूण खाणे कमी होते. भातात चरबी साठवण्याची काही खास शक्ती नाही, आणि भात सोडण्यातही ती वितळवण्याची नाही. रायगडच्या किनाऱ्यावरच्या बैठ्या कामाच्या माणसाने भात निम्म्यावर आणावा, तो पूर्ण सोडायची गरज नाही.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र हे माप स्वतःच्या मनाने बदलू नये. औषध तेवढेच ठेवून भात अचानक कमी केला तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या चालू असताना कडक किटो आहार घेतला तर रक्तात आम्ल साठण्याचा गंभीर धोका असतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, तसेच मूत्रपिंडाचा विकार असलेले रुग्ण यांनीही आधी डॉक्टरांना विचारावे, आणि भाताचे माप व औषधाचे माप दोन्ही त्यांच्या सल्ल्याने एकाच वेळी ठरवून घ्यावे.